पाखरानं मान वर केली की

पाय भाजला तेव्हा शामसुंदर गायधनीच्या तोंडून ‘आई गं’ निघालं नाही. ‘पाच मिनिटं,’ असं निघालं, आणि ते ऐकून तो स्वतःच दचकला. मे महिना, सकाळचे साडेअकरा, पण ऊन भर दुपारचं. कॉलेज रोडवरच्या सोसायटीच्या गच्चीत त्याच्या बायकोनं, उत्तरानं, कुरडया घातल्या होत्या, आणि कुरडयांच्या गच्चीवर चपला घालून पाऊल टाकायचं नाही हा त्या घरातला कायदा. चपला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काढायच्या, मग नवरा असो की सोसायटीचा चेअरमन. ‘अहो, मी खालून दुसरा चीक घेऊन येते, तोवर कावळे हाका. टाकीच्या सावलीत बसूनच हाका बरं, उगाच जवळ जाऊन शहाणपणा करू नका,’ असं बजावून ती खाली गेली. कावळा आला. हा उठला, सावली सोडून चार पावलं अनवाणी गेला, आणि तळव्यांना स्लॅबचा चटका बसला तसा तिथंच खिळला. कुणीही धड डोक्याचा माणूस उडी मारून सावलीत परतला असता. हा उभाच. तळवे भाजताहेत, कावळा निवांत कुरडई उचलून नेतोय, आणि हा आपला उभा. किती वेळ सोसतं ते बघू, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. मिनिटभरसुद्धा सोसलं नाही. तिथं तर पाऊण तास होता, त्याच्या मनात आलं, आणि तो लंगडत सावलीत येऊन टाकीला टेकून बसला. पाठीलाही टाकी गरमच लागली. अरे, आज सगळंच भाजायला उठलंय की काय, असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याच्या मनात ऊन होतं, आणि तेही आठ वर्षांपूर्वीचं.

शर्टाच्या खिशात वनखात्याचं पत्र होतं. तीन दिवस ते तो खिशात घालून ओझरच्या विमान कारखान्यात जात होता आणि तसंच परत आणत होता. नांदूर मधमेश्वरचा जलाशय या वर्षी, श्याऐंशी साली, अभयारण्य म्हणून जाहीर झाला. वीस वर्षं तिथं काठाकाठानं हिंडणाऱ्या नाशिकच्या रविवार पक्षी मंडळाला कोण आनंद झाला, पेढे वाटले. आता तिथं राखणदार नेमायचे होते. गावातून अर्ज आले, त्यात एक झुंबर सहादूचा. वनाधिकाऱ्यानं विचारलं होतं की मंडळाच्या नोंदवहीत चौदा मे अठ्ठ्याहत्तर या तारखेला सदर इसमाविषयी अंडी चोरल्याचा संशय नोंदला आहे, तरी अध्यक्षांनी खुलासा करावा. अध्यक्ष म्हणजे शामसुंदर. आणि त्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून सही होती तीही शामसुंदरचीच. कारखान्यात तो तपासणी विभागात होता. केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी तांबडा रंग फासून तुकडा बाजूला काढणारा माणूस. मोजल्याशिवाय गायधनी सही करत नाही, असं मशीनवाले दात-ओठ खात म्हणायचे. त्या माणसानं पत्राचं उत्तर लिहून ठेवलं होतं. ‘सदर शेरा गैरसमजातून लिहिला गेला असावा. मंडळाची हरकत नाही.’ वाक्य चांगलं होतं. झुंबरचं काम होत होतं आणि कुणाचं काही जात नव्हतं. तो ते दिवसातून दहादा वाचत होता, आणि दर वेळी ‘असावा’पाशी त्याची जीभ अडखळत होती. कारखान्यात असा शेरा कुणी लिहून आणला असता तर त्यानं कागद तोंडावर फेकला असता.

काठानं चालायला शामसुंदरला शिकवलं झुंबरनं. पंचाहत्तर साली तो पहिल्यांदा मंडळाबरोबर गेला तेव्हा पांढराशुभ्र शर्ट घालून, ट्रान्झिस्टर घेऊन गेला होता, आणि अर्धा मैल पाणी त्याच्या येण्यानंच रिकामं झालं होतं. मंडळाचे संस्थापक गंगाधरपंत, निवृत्त मुख्याध्यापक, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. काठाला मासे धरणारा एक काळा, काटक माणूस मात्र हसला. ‘सायेब, लग्नाला निघाले का?’ तो झुंबर. ट्रकच्या दोन ट्यूबांवर फळी बांधून केलेल्या तराफ्यावर तो दिवस दिवस पाण्यात असे. त्यानं सांगितलं, वारा तोंडावर घ्यायचा, सूर्य पाठीवर. सरळ पाखराकडं जायचं नाही, तिरपं तिरपं जायचं, जसं काही आपलं दुसरीकडंच काम हाय. ‘आन् पाखरानं मान वर केली का थांबायचं. तिथंच. त्ये पुन्हा चरायला लागलं तर म्होरं जायचं, नाय तर माघारी. उडालं तर चूक आपली, पाखराची नाय.’ शामसुंदरनं ते इतकं मनावर घेतलं की पुढं मंडळाचं पत्रक काढताना पहिला नियम म्हणून तोच छापला. खाली नाव छापलं ‘शा. वि. गायधनी’. आता पत्रकावर मासे धरणाऱ्याचं नाव कोण छापतो, असं त्या वेळी वाटलं होतं. नंतरच्या सगळ्या भानगडीची सुरुवात इथूनच झाली असं त्याला हल्ली वाटे, पण वाटण्याला काय, कुत्र्याच्या छत्र्यांसारखं ते कुठंही उगवतं.

सात मे अठ्ठ्याहत्तर. मंडळाची फेरी दुसऱ्या रविवारी असायची, हा पहिला रविवार, म्हणून शामसुंदर एकटाच कॅमेरा घेऊन गेला होता. पाणी आटून मधे वाळूचं बेट उघडं पडलं होतं आणि त्यावर नदी सुरयनं अंडी घातली होती. घरटं कसलं, वाळूत टाचेनं केल्यासारखा एक खळगा, त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची. झुंबर तिला चोचपिवळी म्हणे. त्यानंच सांगितलं होतं की उन्हाच्या वेळी ती पाण्यात पोट भिजवून येती आणि अंड्यांवर बसती, अंडी गार करती. शामसुंदरला तोच फोटो हवा होता. ओलं पोट, थेंब गळताहेत, खाली अंडी. असा फोटो अख्ख्या महाराष्ट्रात कुणाकडं नव्हता, आणि आपल्याकडं असावा ही इच्छा काही पाप नव्हे. कॅमेरा भिजू नये म्हणून झुंबरनं त्याला तराफ्यावरून बेटावर नेलं. अंगावर खाकी चादर ओढून तो बारा-पंधरा फुटांवर पालथा पडला. अकरा वाजले होते. सुरय वर फिरत होती, ओरडत होती, पाण्याला पोट लावून यायची आणि खाली उतरता उतरता पुन्हा वर जायची. तिनं मान वर केली होती म्हणणं सोपं आहे. ती अख्खीच वर होती, आणि खाली उतरायला हा चादरीतला ढीग तिला मज्जाव करत होता. ‘सायेब, चला आता,’ झुंबर पाण्यातून म्हणाला. ‘ऊन चढून राह्यलं. बसंना ती.’ शामसुंदर म्हणाला, ‘पाच मिनिटं.’ पुन्हा झुंबर म्हणाला, ‘सायेब, वाळूवर पाय ठेववत नाय, अंड्यांचं काय व्हत आसंल?’ शामसुंदर म्हणाला, ‘अरे पाचच मिनिटं, आली बघ, आली.’ घड्याळ मनगटावर होतं. त्यानं ते बघितलंही होतं. पावणेबारा. मग झुंबर बेटावर चढला, डोक्याचं फडकं सोडून पाण्यात बुचकळलं आणि अंड्यांवर धरून पिळलं. अलगद, थेंब थेंब, तिन्ही अंड्यांवर. आणि बाजूला होऊन पाण्यात गळ्याइतका बुडून बसला. तेव्हा कुठं सुरय उतरली. क्षणभर टेकली, आणि शामसुंदरनं बटण दाबलं. ती लगेच उडाली. तो धावत जवळ गेला. हात लावू नये हे त्याला पाठ होतं. त्यानं हात लावला. ओलं असूनही अंडं चहाच्या पेल्यासारखं गरम होतं.

आठवडाभर त्याला झोप नाही. शनिवारी रजा टाकून तो पहिल्या एसटीनं पुन्हा गेला, कंबरभर पाण्यातून चालत बेटावर पोचला. सुरय नव्हती. अंडी होती, गार. एक कानाशी धरून हलवलं, आत डचमळलं. मेली. उद्या मंडळ येणार होतं. गंगाधरपंत बघणार, मेलेली अंडी बघणार, आणि मागच्या रविवारी इथं फोटोला कोण आलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रिकामा खळगा मात्र कुणाचं नाव सांगत नाही. त्यानं तिन्ही अंडी पाण्यात टाकली, आणि ती बुडेनात. तरंगू लागली. त्यानं हातानं दाबली, सोडली की वर. शेवटी एकेक करून दगडाखाली चिणली. हाताला लागलेला तो कुजट वास अजूनही कधीकधी सकाळी दाढी करताना येतो, साबणाच्या फेसातून. दुसऱ्या दिवशी मंडळ आलं. दुर्बिणीतून रिकामा खळगा बघून सगळे हळहळले, आणि कुणीतरी म्हणालं, हे मासेवालेच, दुसरं कोण. गंगाधरपंतांनी विचारलं, ‘शामसुंदर, मागच्या रविवारी अंडी होती ना?’ तो म्हणाला, ‘होती.’ ‘तुमच्याबरोबर कोण होतं?’ ‘झुंबर.’ दोन्ही उत्तरं खरी. एकही शब्द खोटा नाही, आणि एवढं मोठं खोटं त्यानं उभ्या आयुष्यात दुसरं बोललेलं नव्हतं. झुंबर दहा हातांवर तराफ्याची दोरी धरून उभा होता. तो काहीच म्हणाला नाही. पंतांनी वहीत लिहिलं, सहीसाठी वही पुढं केली, आणि मोजल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसानं सही केली. त्या दिवसापासून मंडळाचं कुणी झुंबरच्या तराफ्यावर बसलं नाही.

फोटोला मुंबईत पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनीच त्याला नाव दिलं, ‘मायेचा ओलावा’. उत्तरानं तो मोठा करून बैठकीत लावला, आणि पाहुण्यांना ती हमखास दाखवायची, ‘बघा ना, अंडीसुद्धा कशी चमकताहेत! आईनं पोटातून पाणी आणलंय.’ लोक ‘वा, वा’ म्हणत. शामसुंदर पंख्याची बटणं चालू-बंद करत बसे. पंत गेले, तो अध्यक्ष झाला, आणि नियमांच्या बाबतीत पंतांहून कडक झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण खरं सांगायचं तर तो ते ढोंगानं करत नव्हता. एखाद्या पोरानं घरट्याकडं पाऊल टाकलं की त्याचं काळीज लटपटे आणि तो खेकसे. त्र्याऐंशी साली नांदूरच्या शाळेत त्यानं पडद्यावर फोटो दाखवले. ‘पक्ष्यांची अंडी कोण पळवतं?’ साप, मुंगूस, कावळा अशी उत्तरं त्याला हवी होती. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘झुंबर!’ पोरं खिदळली. गुरुजीही हसले. अंधारात प्रोजेक्टर घरघरत होता. शामसुंदरनं पुढचा फोटो लावला.

‘अगंबाई, हे काय! सगळ्या कोपऱ्यातल्या गेल्या की!’ उत्तरा चिकाचं पातेलं घेऊन वर आली होती. ‘एक काम सांगितलं तर...’ मग तिला त्याचा चेहरा दिसला, तळपाय दिसले. ‘अहो, फोड आलाय! एवढं भाजेस्तोवर उभं कशाला राहायचं माणसानं?’ तिनं कोरफडीचं पान कापून आणलं, त्याचा पाय मांडीवर घेऊन गर चोळू लागली. गारेगार. ‘उत्तरा, त्या फोटोतलं पाणी...’ तो म्हणाला. ‘कुठलं पाणी?’ ‘काही नाही. मी जरा नांदूरला जाऊन येतो.’ ‘या पायांनी?’ ‘या पायांनीच.’ ती म्हणाली, ‘डबा देऊ का करून?’ वीस वर्षांच्या संसारात बाई काय विचारावं आणि काय विचारू नये हे बरोबर शिकलेली असते.

झुंबर खोपीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. केस पिकले होते, बाकी तसाच. ‘या सायेब,’ म्हणून त्यानं गोणपाट पुढं सरकवलं. त्याची बायको नवसाबाई दारात तांदूळ निवडत होती, तिनं पदर सारखा केला पण ‘या’ म्हटलं नाही. शामसुंदरनं लंगडत बसकण मारली, खिशातून कागद काढला. ‘तुझं काम होतंय झुंबर. आज टाकतो पत्र.’ आपल्या आवाजात उदारपणा आला आहे हे त्याला कळलं, आणि किळस आली. ‘काय लिवलंय?’ झुंबरनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. सदर शेरा गैरसमजातून लिहिला गेला असावा. झुंबरनं मान हलवली. तांदळातला हात थांबला तो नवसाबाईचा.

‘गैरसमज कुनाचा?’ तिनं विचारलं.

‘म्हणजे... तेव्हाच्या मंडळींचा.’

‘कुनाचा त्ये नाव नसतं का लिवायचं? आमचं नाव तर बरुबर लिवलं व्हतं.’

‘नवसे, गप की,’ झुंबर म्हणाला.

‘गप काय! आठ वर्सं गपच हाय. शाळंतली पोरं बी अंडंचोर म्हनत्यात. माझ्या हातचा मासा घेताना बाया हसत्यात.’

शामसुंदरनं कागदाकडं बघितलं. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘अंडी माझ्यामुळं मेली. उन्हात. आणि शनिवारी येऊन मीच ती पाण्यात दडवली.’ सांगून झालं. आठ वर्षं ज्याला डोंगर समजलो ते दोन वाक्यांचं होतं होय, त्याला वाटलं, आणि हलकं वाटण्याऐवजी लाज वाटली. नवसाबाईनं सूप खाली ठेवलं. झुंबरच्या सुईचा हात मात्र चालूच राहिला. ‘ठावं हाय मला,’ तो म्हणाला. ‘त्या शनवारी म्या तिथंच व्हतो. पानगवतात, ट्यूबवर. तुमी अंडी दाबीत व्हते, ती वर येत व्हती.’

‘तू बघितलंस?’ शामसुंदरनं विचारलं. ‘मग दुसऱ्या दिवशी पंतांसमोर बोलला का नाहीस? तुझ्यावर आळ येत होता तेव्हा?’

झुंबरनं जाळ्याची गाठ दातानं आवळली. ‘पंतांनी इचारलं तवा तुमी माझ्याकडं बघितलं, सायेब. ध्यानात हाय? मान वर करून. लय भ्यालेले व्हते. म्हून म्या थांबलो. म्हनलं, आता म्होरं नाय जायचं. आपल्या आपन मान खाली घालतील, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील.’ आणि मग, जरा हसून, पण ते हसू शामसुंदरला बघवलं नाही, ‘तुमी आठ वर्सं मान वर करूनच ऱ्हायले.’

शामसुंदरनं तोंड ओंजळीत घेतलं आणि तो रडला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पायाला कोरफड लावलेला, दुसऱ्याच्या दारात बसून हमसून हमसून रडला. झुंबर जाळं विणत राहिला. कुणी ‘असू द्या’ म्हटलं नाही. थोड्या वेळानं नवसाबाईनं तांब्या आणून ठेवला. पाणी पिऊन त्यानं कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला नवीन उत्तर लिहिलं, सगळं, तारखेसकट, घड्याळातल्या पावणेबारासकट, ओल्या फडक्यासकट. वाचून दाखवलं. ‘आता ठीक आहे का बाई?’

‘सायबाला धाडाल त्यो वाचून फायलीत ठेवील,’ नवसाबाई म्हणाली. ‘चोर म्हनलं ते समद्यांम्होरं. मंग हे बी समद्यांम्होरं वाचा. त्याच काठाला.’

उत्तर फायलीत जाईल हा हिशेब आपल्या मनात अजून शिल्लक होता, हे शामसुंदरला तेव्हाच कळलं. आणि तो हिशेब या बाईनं एका बोलण्यात पकडला होता. ‘वाचतो,’ तो म्हणाला. परतीच्या एसटीत त्यानं दहा वेळा ठरवलं की वाचायचं नाही. सकाळी पत्राची स्वच्छ प्रत टपालात टाकून तो कारखान्यात गेला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर उत्तराला बैठकीतल्या फोटोसमोर बसवून सगळं सांगितलं. ती उठली, पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाली, ‘म्हणजे हे पाणी त्यांचं. मी आठ वर्षं लोकांना काय सांगत होते हो?’ फोटो तिनं काढला नाही. त्याला वाटलं होतं, काढेल.

रविवारी चौदा जण आले. त्यांत दोन शाळेतली पोरं होती आणि पंतांच्या वेळचे तिघे म्हातारे होते, त्या दिवशी हळहळलेले. बाभळीखाली झुंबर उभा होता, आणि चार पावलांवर, पदर डोक्यावरून घेऊन, नवसाबाई. झुंबरला बघून म्हातारे एकमेकांत कुजबुजले. पाणी पुन्हा आटलं होतं, मधल्या बेटाची कड उघडी पडली होती, तिच्यावर एक सुरय ओरडत फिरत होती. शामसुंदरनं चपला काढल्या. का काढल्या ते त्याला सांगता आलं नसतं. फोड अजून ओला होता आणि मातीचा चटका थेट आत गेला. त्यानं जुनी नोंदवही उघडली. चौदा मेची नोंद वाचली, खालची स्वतःची सही वाचली. मग खिशातला कागद काढला. ‘ही नोंद खोटी आहे,’ त्यानं वाचलं. ‘अंडी झुंबरनं नेली नाहीत. अंडी मी मारली.’

चौदाही माना वर झाल्या. पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचं पाऊल, जीभ, श्वास, सगळं जागच्या जागी थांबू पाहात होतं. इथं थांबलं तर चालेल, त्याच्या मनात आलं. मुख्य वाक्य तर झालं. त्यानं बाभळीकडं बघितलं. झुंबर खाली मान घालून नखानं फडक्याची गाठ सोडत होता, जसं काही त्याचं आपलं दुसरीकडंच काम होतं.

शामसुंदर थांबला नाही. पुढचं वाक्य झुंबरच्या ओल्या फडक्याचं होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं.